दर दोन तासांनी

आमची पहिली भेट झाली वॉर्डच्या दारात, आणि मध्ये होती एक उशी. तो आत येत होता, मी बाहेर निघाले होते. टक्कर जोरात झाली, पण त्या उशीमुळे कुणालाच काही लागलं नाही. मधोमध भोक असलेली गोल उशी, वर निळं मखमली कापड, आणि शिलाई अशी सुबक की बघत राहावं.

"सॉरी सिस्टर... बाबांसाठी केलीय. मी सोफे बनवतो," तो म्हणाला. "त्यांच्या माकडहाडावर लाल डाग पडलाय ना, तो बरोबर भोकात येईल. टेकणारच नाही."

त्याच्या तोंडावरचा आनंद बघून खरं सांगणं माझ्या अगदी जिवावर आलं. तरी सांगितलं. "ही नाही चालणार."

"का? भोक लहान झालं?"

"भोकच नको. कडेनं कातडी दाबली जाते आणि मधल्या भागाला रक्त कमी पोचतं. डाग बरा व्हायचा सोडून चिघळतो."

"आणि मी सकाळी तिथं तेल लावून चांगलं चोळलं..."

"तेही नको."

त्याचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही असे डाग मनापासून चोळायची, मोठ्या सिस्टरांनी तसंच शिकवलं होतं. पुढे कुणी तरी नीट नोंदी ठेवून पाहिलं, तेव्हा कळलं की चोळण्यानं आतली इजा वाढू शकते. हे त्याला सांगितलं तेव्हा कुठे त्यानं मान वर केली.

त्याचे वडील, वॉर्डात आम्ही त्यांना काका म्हणायचो, न्यूमोनियानं पार गळून गेले होते. स्वतःहून कूस बदलायचीही ताकद नव्हती. मी त्यांना हळूच कुशीवर वळवलं आणि डागावर बोट दाबलं. "सोडल्यावर क्षणभर पांढरं झालं तर अजून वेळ गेलेली नाही. लालच राहिलं तर आत इजा सुरू झाली." त्या अशक्त शरीरात जखम झाली असती तर भरायला महिने गेले असते. मी बोट उचललं. डाग पांढरा झाला, मग सावकाश पुन्हा लाल.

"एकाच जागी रोज बसलं तर सोफ्याचा फोम दबतो ना?" मी विचारलं.

"दबतो. म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो, जागा बदलून बसत जा."

"मग तेवढंच करायचंय. दर दोन तासांनी."

कॉटच्या पायथ्याशी तक्ता लावला: वेळ, कूस, कातडी, शेरा, सही. दिवसपाळीच्या नोंदी तोच करू लागला. वडिलांना वळवताना ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. एकदा सांगितलं की पुरे. वॉर्डात सगळ्या सिस्टर त्याला 'उशीवाले' म्हणायच्या आणि माझ्याकडे बघून उगाच खोकायच्या.

"सिस्टर," एके दुपारी तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या गालावरही लाल दिसतंय. दाबून बघायला हवं का?"

"ते आपोआप जातं," मी म्हणाले आणि कानांपर्यंत तापले.

डोळे मिटून पडलेले काका म्हणाले, "अरे, माझी कूस बदल."

"बाबा, आत्ताच तर बदलली."

"मग तिला तिचं काम करू दे."

काम मी करतच होते, आणि तेच दुखत होतं. डाग रोज फिका होत होता. माझ्या हातून जितकं नीट होत होतं, तितक्या लवकर तो वडिलांना घेऊन घरी जाणार होता. पेशंटच्या माणसाशी वॉर्डात भलतं काही बोलायचं नाही, हा माझा मीच घातलेला नियम. घरी सोडायच्या दिवशी मी त्याला पाणी, अंडी-डाळी, व्यायाम, लस, सगळं बजावलं. कोरे तक्तेही दिले. तो दारात थांबला. "अजून काही, सिस्टर?"

"नाही... काळजी घ्या," मी म्हणाले. इतकं मुळमुळीत वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते.

आठ दिवसांनी तपासणीला आले तेव्हा काका काठी टेकत चालत होते. मी पाठ बघितली. कातडी स्वच्छ होती. डोळे भरून आले, ते लपवायला मी त्यांनी घरून भरून आणलेला तक्ता हातात घेतला.

"नीट वाच हं पोरी," काका म्हणाले. "घरी तक्ता मीच भरलाय, शेरेही माझेच." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

अक्षर थरथरतं, पण स्पष्ट होतं. 'माझी पाठ बरी. मुलाला झोप नाही. तोच कूस बदलत असतो.' पुढच्या दिवशी 'कालच्यासारखंच.' आठही दिवस.

त्यानं माझ्या खांद्यावरून ते वाचलं. त्यालाही आत्ताच कळत होतं. "बाबा पण ना..." तो पुटपुटला, मग सरळ माझ्याकडे पाहिलं. "खरंय ते. तुम्हाला नोंदी लागतात ना? हा घ्या लेखी पुरावा. मला तुम्ही आवडता."

काका आता माझे पेशंट नव्हते. नियम संपला होता.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले. "दुसरी नोंद लागते."

त्याचा चेहरा त्या उशीच्या दिवसासारखा पडला. मी खिशातलं पेन काढलं, तक्त्याच्या शेवटच्या रिकाम्या ओळीत लिहिलं, 'सिस्टर. हीच तक्रार, आठ दिवस,' आणि पुढे सही केली.