किंचित उतरलेला गंधार

सांगलीच्या नाट्यगृहात विंगेमागे मी व्हायोलिन सुरात लावत होते. शेजारून आवाज आला, "तो गंधार... पुन्हा वाजवाल?"

वळून पाहिलं. कीबोर्डवाला अनीश.

"का? बेसूर होता?"

"छे! किंचित उतरलेला. म्हणून तर गोड."

ते १९९६ साल. अनीशनं नुकताच सॅम्पलर घेतला होता. खऱ्या वाद्याचा एकेक सूर साठवायचा, मग तो कीबोर्डवर वाजवायचा. त्यातलं तयार व्हायोलिन त्याला प्लास्टिकच्या फुलांसारखं वाटे. मग माझे सूर साठवायला मी दर रविवारी साताऱ्याहून एसटीनं त्याच्याकडे जाऊ लागले. एकच सूर हळू, मग जोरात, गज वर, गज खाली... आवाज नको म्हणून पंखा बंद. घामाघूम आम्ही दोघं, आणि मध्ये माईक.

एकदा त्यानं सगळे सूर यंत्राच्या मापात बसवले.

"इस्त्री केलीस रे!"

"मग चुण्या तशाच ठेवू?"

"ठेव ना."

"आणि... वाजवणारीला? ठेवून घेऊ?"

मी नुसता गज उचलला. त्या दिवशी एकही सूर स्थिर लागला नाही.

दिवाळीनंतर साताऱ्यातल्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी, भाऊसोंनी, अनीशच्या कीबोर्डवरचं ते व्हायोलिन ऐकलं.

"लय भारी! आता व्हायोलिनवाला कशाला पायजे आपल्याला?"

तो व्हायोलिनवाला म्हणजे माझे बाबा. वीस वर्षं तिथं वाजवत होते.

कळताच अनीश यंत्र घेऊन धावत आमच्या घरी आला. "काका, मी सगळं पुसून टाकतो."

"आधी ऐकव तरी."

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "हुबेहूब आमची शरयू," ते म्हणाले. "पुसू नकोस. फार छान झालंय." मग उठले आणि आपल्या व्हायोलिनच्या तारा एकेक करून सैल करू लागले.

मी अनीशला सोडायला स्टँडवर गेले.

"शरयू... लग्न करशील माझ्याशी?"

"तू आवडतोस रे. फार. पण तू वाजवायला बसलास की मला बाबांचे ते हात दिसतील."

"मी कीबोर्ड सोडतो."

"आणि काय करशील? सांगलीतल्या एखाद्या हळदीच्या पेढीवर बसशील?"

तो हसला. मीही हसले. मग दोघांनाही हसवेना. सांगलीची गाडी लागली, तो चढला... मी हात केला नाही.

घरी बाबा दारातच होते.

"गेला?"

"गेला."

"मुलगा चांगला होता गं," ते म्हणाले. "मी हो म्हटलं असतं."