सहाशे बारा रकाने

सकाळी साडेनऊला प्रतीकचा फोन आला. "नीलम, लवकर ये यार. दिल्लीतल्या द्वारकेच्या एका बाईंना आपलं औषध बाधलंय. आयसीयूत आहेत."

नीलम वासनिक नोएडातल्या एका घरपोच औषध कंपनीत बाहेरून आलेल्या माहितीची तपासणी बघायची. पेशंटांच्या नोंदी भागीदार क्लिनिक फाइलमधून पाठवायचं. त्या पाहून कंपनीचे डॉक्टर औषध लिहायचे.

त्या बाईंच्या, अलका देवस्थळींच्या, नोंदीत होतं : ॲलर्जी नाही. त्यांची मुलगी केतकी फोनवर ओरडलीच. "आईला पेनिसिलिन चालत नाही, हे मी स्वतः फॉर्मवर लिहिलंय!"

"चूक क्लिनिकची," प्रतीक म्हणाला. क्लिनिकशी सगळा व्यवहार तोच सांभाळायचा. "एकही रकाना रिकामा नव्हता. आपण काय ओळखणार?"

"फाइल तू उघडली होतीस?"

"बिल्कुल नाही. आली तशी सिस्टिमला दिली. पास झाली."

नीलमनं फाइल उघडली. चार हजार माणसं, आणि खरंच एकही रकाना रिकामा नाही. तिला हे पटेना. फॉर्म भरताना माणसं काही ना काही सोडतातच.

तिनं क्लिनिकच्या गुणवंत मेश्रामांना फोन लावला.

"मूळ फाइल आहे?"

"आहे ना, मॅडम. सहाशे बारा फॉर्म टाइप व्हायचे होते. त्यांचा ॲलर्जीचा रकाना रिकामाच पाठवला."

पाच मिनिटांत मूळ फाइल आली. अलकाताईंचा रकाना कोरा होता.

नीलम प्रतीकला घेऊन मॅनेजर रेवतीच्या केबिनमध्ये शिरली.

"क्लिनिकनं कोरं पाठवलं. 'नाही' इथं भरलं गेलं. आपली सिस्टिम पाच टक्क्यांपर्यंत रिकामे रकाने चालवून घेते. त्यामुळे फाइल पास झाली, एवढ्यावरून एकही रकाना रिकामा नव्हता, हे कळत नाही. ते फाइल उघडणाऱ्यालाच कळतं. प्रतीक, तुला कसं कळलं?"

प्रतीकचा चेहरा उतरला.

"सोमवारी सेवा सुरू करायची होती. सहाशे बारा कोरे म्हणजे पंधरा टक्के, फाइल परत गेली असती तर पंधरा दिवस गेले असते. बहुतेकांना ॲलर्जी नसतेच, म्हणून..."

"कोरं म्हणजे माहीत नाही. तू त्याचं 'नाही' केलंस."

रेवतीनं सगळ्या डिलिव्हऱ्या थांबवल्या. सहाशे बारांपैकी अलकाताईंखेरीज एकतीस जणांची औषधं मात्र घरी पोचली होती. नीलमनं फोन उचलला. सत्तावीस लागले, चार लागेनात. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली.

अखेर राजाभाऊ कानड्यांनी उचलला.

"औषध घेतलंत का काका?"

"घेतोच आहे. गोळी तोंडात टाकतोय, का?"

"थुंका! आधी थुंका!"

पलीकडे पेला खणकन पडला. मग खोकला. मग घाबरलेला आवाज : "थुंकली, बाळा. काय झालं?"

नीलमनं यादीतल्या त्यांच्या नावावर रेघ मारली. अजून तीन उरले होते.