मिसोचा डबा

जपानमधल्या साकाताच्या भाजीबाजारात अळकुड्यांची शेवटची पिशवी दोघांनी एकदमच धरली. मिओरीने ती सोडली नाही. समोरच्या उंच मुलानेही नाही.

"अळकुड्यांचं सूप, इमोनी करणार?" त्याने विचारलं.

"हो. पोर्क आणि मिसो घालून."

"मग ते साधं डुकराचं सूप झालं... इमोनीत बीफ लागतं, सोया सॉस लागतो."

"त्या बीफच्या रश्शाला आमच्याकडे सुकियाकी म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही डोंगरापलीकडचे — कळलंच."

तो हसला, आणि तिथेच ती फसली. पिशवी अर्धी अर्धी झाली. नाव कोहेई, बदली होऊन आलेला. वर्षभरात तो तिचा इतका झाला की तिच्या अळकुड्या तोच सोलून द्यायचा, हात खाजून लाल झाले तरी.

पुढच्या ऑक्टोबरात तो तिला डोंगरापलीकडे, यामागाताला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईने चहा दिला, चौकशी केली आणि गोड आवाजात सांगून टाकलं की आजची इमोनी मिओरीच करेल. बीफ फ्रीजमध्ये आहे, आणि या घरच्या सुनेच्या हाताला इथलीच चव यायला हवी. कोहेई मान खाली घालून अळकुड्या सोलत राहिला. मिओरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मुलगा तिला हवा होता, जिवापाड हवा होता... पण म्हणून सोयाबीन आंबवून स्वतःच्या हाताने घातलेला, सोबत आणलेला मिसो ती लपवून परत नेणार नव्हती.

तिने पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला.

"काकू, मी या घरात आले तर ही चव घेऊनच येईन. चालणार नसेल तर आत्ताच सांगा — चारची बस आहे."

तिने कोहेईकडे पाहिलं. आता तरी बोल, अरे...

कोहेईने हात धुतले. फळीवरून दुसरं पातेलं काढलं आणि आईच्या पातेल्याशेजारी ठेवलं.

"आई, शेगडीला दोन बर्नर आहेत," तो म्हणाला. "आणि मी लग्न हिच्याशीच करणार."

आईने डबा पुढे ओढला. मग झाकण उघडून बोटाच्या टोकावर मिसो घेतला, चाखला.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "जा कोहेई, पोर्क घेऊन ये. दुकान बंद होईल."

कोहेई चपला घालायला धावला.

"मीठ आहे तेवढंच राहील, काकू," मिओरी म्हणाली, आणि उरलेल्या अळकुड्या सोलायला त्याच्या आईशेजारी बसली.