सीट रिकामी आहे का?

ब्रेट, शेगडीची झडप जरा लाव. आणि कोडी, तो मोबाइल खाली ठेव. या टेकड्यांत कधी रेंज आली नाही, आज तुझ्यासाठी येणार आहे होय? पहाटे चारला हरणामागं जायचंय, गुमान झोपा म्हटलं तर झोपायचं नाही. वर म्हणे, गिलकाका, गोष्ट सांगा. सांगतो. पण मध्ये तोंड घालायचं नाही. ही माझ्या चुलतभावाची गोष्ट आहे, वर्न हॉफरची, आणि त्यातलं एक काम मी माझ्या या बोटानं केलंय.

वर्नचं पेट्रोल पंपामागं गॅरेज होतं, तुम्ही लहानपणी सायकलींत हवा भरायला जायचात ते. बायको लॉर्ना. पोस्टात नोकरी केलेली, जीभ अशी की पोस्टमास्तर चळाचळा कापायचा. तिची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, चाळीस मैल जायचं, चाळीस मैल यायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, एक खेप चुकली तर सूज, लागोपाठ दोन चुकल्या तर बाई जगणार नाही. तिथं आत जाताना वजन करतात आणि बाहेर पडताना परत करतात, अंगातलं किती पाणी निघालं ते कळावं म्हणून. दर वेळी छापील चिठ्ठी मिळते. लॉर्ना आत जाताना एकोणपन्नास किलो, बाहेर येताना सत्तेचाळीस. महिनोन् महिने तेच. ती म्हणायची, बटाट्याच्या पोत्यालासुद्धा लोक इतक्यांदा काट्यावर चढवत नाहीत.

तिच्या खुब्यांत काही राम उरला नव्हता. गाडीत चढायचं म्हणजे सीट पार मागं न्यायची, खाली करायची, ती बसली की बटण दाबून वर उचलायची. त्या सीटची मोटर नोव्हेंबरात जळाली. नवी सीट घ्यायची तर गाडीपेक्षा सीट महाग. म्हणून अकरा नोव्हेंबर, बुधवार, वर्न स्टॅशच्या भंगार गाड्यांच्या आवारात गेला. तिथली रीत तुम्हाला माहीत आहे. पाने आपले न्यायचे, पाहिजे तो भाग आपल्या हातानं खोलायचा, फाटकावर पैसे टाकून चालू लागायचं.

त्याला अगदी तशीच गाडी मिळाली. तेच मॉडेल, तेच करडं कापड. नाक चेपलेलं. पण ड्रायव्हरशेजारची सीट कोरी करकरीत, नुसती पार पुढं सरकून डॅशबोर्डाला चिकटलेली. आणि तिच्यावर बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर बेल्ट. वर्न म्हणाला, असेल कुणीतरी लावून गेलेलं. त्यानं तो खटकन सोडवला. पुढचे बोल्ट काढायला सीट मागं न्यावी लागते, म्हणून त्यानं सोबत नेलेली बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. गेली मागं. तो पाना घ्यायला वळला, तेवढ्यात ती गुंईं करत परत पुढं. वर्न खूश. मोटर दणकट आहे म्हणाला. आता काय बोलायचं या माणसाला?

फाटकावर स्टॅशनं सीट बघितली आणि म्हणाला, "हॉफर, ही परत आणायची नाही." वर्न म्हणाला, तू कधी काय परत घेतलंयस? स्टॅश हसला नाही म्हणे.

घरी बसवली तर मुडदा. बटण दाबलं की काही नाही. वर्ननं फ्यूज बघितला, चांगला. सीटखालच्या प्लगपर्यंत करंट येतोय की नाही ते बघितलं, येत होता. मग गालिचा उचलला. गाडीच्या पत्र्याला जी वायर बोल्टनं आवळलेली असते, तिच्यावर गंजाचा थर. कानशीनं घासून लख्ख केली, आवळली, आणि सीट चालायला लागली. एवढ्याशा गंजापायी दोन तास. पण समोर एअरबॅगचा लाल दिवा काही जाईना. तेव्हा त्यानं मला फोन केला, कारण गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर माझ्याकडं.

त्या सीटच्या पोटात वजनाचा काटा असतो, पोरांनो. कोण बसलंय, मूल आहे की मोठा माणूस, त्यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. सीट बदलली की गाडीला शिकवावं लागतं, की बाई, हे बघ, याला रिकामं म्हणायचं. मी मशीन जोडलं. सीटवर कुणी नाही, सीटखाली काही अडकलेलं नाही, आणि पडद्यावर आकडा बावन्न किलो.

वर्ननं तळहातानं सीट दाबली. बावन्नाचे साठ झाले. हात काढला, परत बावन्न. मी म्हटलं, काटा ठीक आहे, याचं शून्य सरकलंय, वाण्याच्या काट्याचं सरकतं तसं. एवढीच अक्कल चालवली मी. मशीननं विचारलं, सीट रिकामी आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

मी 'हो' दाबलं.

बावन्न गेले, शून्य आलं. दिवा विझला. लॉर्ना खिडकीतून म्हणाली, दोन म्हाताऱ्यांनी मिळून अख्ख्या दिवसात एक खुर्ची ठेवली, यांचा सत्कार करा कुणीतरी. आम्ही तिच्या हातची भोपळ्याचा केक खाल्ला आणि मी घरी गेलो.

गुरुवारी ती गेली आली. मांडीला गारवा लागतो म्हणाली. वर्ननं घोंगडं अंथरलं. शनिवारी येताना सीट आपोआप दोन बोटं पुढं सरकली. लॉर्नानं बटण दाबून मागं नेली. ती परत सरकली. वर्नला वाटलं, बटण चिकटतंय. रविवारी त्यानं जुन्या सीटचं बटण काढून हिला लावलं. सोमवारी गॅरेजमध्ये गाडी उभी असताना, आत कुणी नसताना, सीट डॅशबोर्डाला जाऊन टेकलेली त्याला सापडली. तेव्हा तो चिडला. सीट मागं नेली, मोटरचा फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात घातला. म्हणाला, आता सरक बघू.

मी त्याला म्हटलं होतं, काढून टाक ती. तो म्हणाला, मंगळवारी हिला कशात नेऊ? तुझ्या खटाऱ्यात ती चढणार आहे का? बरोबरच होतं त्याचं. लॉर्नाची खेप चुकवून चालत नव्हती.

सतरा नोव्हेंबर. २०१५. मंगळवार. शेवटच्या पाळीचं डायलिसिस साडेआठला संपलं. वजन सत्तेचाळीस, चिठ्ठी पर्समध्ये. रस्त्यावर पातळ बर्फ. नऊ वाजून वीस मिनिटांनी ते खिंडीच्या चढाला लागले. वर्न सांगतो, लॉर्ना डुलकी घेत होती. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, हीटर वाढव.

हीटर पूर्ण होता.

मग आवाज आला. गुंईं...

वर्ननं खिशाला हात लावला. फ्यूज खिशातच.

सीट पुढं निघाली. हळू. लॉर्नाचे गुडघे डॅशबोर्डाला टेकले. त्यानं गाडी कडेला घेतली, ब्रेक मारला, किल्ली काढली. गाडी बंद. दिवे बंद. सीट चालूच. लॉर्नानं दोन्ही हात पुढं रेटले. तिच्या हातात तरी काय जोर असणार, सुया टोचून टोचून हाताची दोरी झालेली. बेल्ट आवळत गेला. छातीवर. गळ्याशी.

वर्न पलीकडं धावला. दार उघडलं. शिकारीचा सुरा काढून बेल्ट कापला.

ती सुटली नाही.

बेल्ट कापून खाली पडला, आणि तिच्या कोटावर तो दाब तसाच होता. कापड आत गेलेलं. पोटाभोवती. दोन्ही बाजूंनी...

लॉर्नाला श्वास पुरत नव्हता. तरी ती स्पष्ट बोलली. वर्ननं मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"वर्न, खाली सीट नाहीये. मी कुणाच्या तरी मांडीवर बसलेय."

त्यानं तिला काखेत धरून ओढलं. जागची हलली नाही. सत्तेचाळीस किलोची बाई. परत ओढलं. तिच्या बरगडीत काहीतरी कट् झालं. आणि मग वर्नचं डोकं फिरलं. माझा भाऊ चर्चमध्ये मान खाली घालून बसणारा माणूस, पण त्या रात्री तो त्या अंधाऱ्या गाडीत तोंड घालून ओरडला.

"ऊठ. कुठं जायचं तिथं जा, पण या सीटवरून ऊठ."

शांत झालं.

कोटावरचा दाब गेला. सीट मागं सरकली, अलगद, पार मागपर्यंत. लॉर्ना त्याच्या अंगावर पडली आणि रडायला लागली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. मागच्या सीटवर आडवी करून तो तिला घरी घेऊन आला. दोघांनाही वाटलं, सुटलो.

बुधवारी सकाळी मी गेलो. लॉर्ना पलंगावर होती. पाय जड झालेत म्हणाली, उचलत नाहीत. बरगडी मोडलेली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पाय जड होणारच. मी आणि वर्न गॅरेजमध्ये गेलो. ती सीट खोलून जाळायची होती. पण एअरबॅगचा लाल दिवा परत लागलेला. सवयीनं मी स्कॅनर जोडला.

सीटवर कुणी नव्हतं. मी स्वतः बघितलं. हात फिरवून बघितला.

पडद्यावर आकडा होता, उणे बावन्न.

वर्न म्हणाला, म्हणजे काय? मला लगेच कळलं होतं. अरे, रिकाम्या सीटचं वजन शून्याच्या खाली कधी जातं? शून्य धरताना तिच्यावर कुणी बसलेलं असेल, आणि मग ते उठून गेलं, तर. मी 'हो' दाबलं तेव्हा ते बसलेलं होतं. आमच्या दोघांच्या मध्ये. मी त्याला रिकामं म्हणालो.

आणि वर्ननं त्याला उठवलं. कुठं जायचं तिथं जा म्हणाला.

आम्ही सीट जाळली. स्टॅशला विचारलं, त्या गाडीत कोण होतं. त्याला माहीत नव्हतं, लिलावातून आली एवढंच. गुरुवारी लॉर्नाला माझ्याच गाडीतून नेलं, आम्ही दोघांनी उचलून बसवलं. उचलताना वर्ननं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं.

तिथं नर्सनं तिला काट्यावर उभं केलं. मग उतरवलं. स्वतः उभी राहिली, तिचं वजन बरोबर आलं. लॉर्नाला परत चढवलं. मग आतल्या खोलीतल्या दुसऱ्या काट्यावर नेलं. लॉर्नाची जीभ, पोरांनो. काहीतरी टोला हाणेल म्हणून मी वाट बघत होतो. ती नुसती खांद्यावरून मागं बघत राहिली.

ती फेब्रुवारीपर्यंत होती. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांत मी एक होतो, त्याबद्दल मी बोलणार नाही. वर्ननं नंतर सगळ्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या. त्या गुरुवारची तेवढी मी मागून घेतली. नऊ वर्षांपेक्षा जास्त झाली, पाकिटात आहे.

घे, ब्रेट. हात पूस आधी, रश्श्याचे आहेत. कंदील जवळ घे.

आत जाताना एकशे एक. बाहेर येताना नव्व्याण्णव. दोन किलो पाणी निघालं, नेहमीसारखं.