खडूच्या रेघेतली भांडी

मी स्वयंपाक कानाने करते. खालच्या कप्प्यातून कॉफी वर चढताना किटली गुरगुरते, तेव्हा मी मागे कपडे पिळत असले तरी धावत येऊन गॅस बंद करते. मक्याचं पीठ शिजत आलं की तांब्याच्या पातेल्यात डावाचा आवाज जड होतो. रविवारी मी चंद्रकोरी सुरीने कांदा-गाजर चिरायला घेतलं की खालच्या मजल्यावरच्या अर्जियाबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात, आणि मग मी माझ्या लाकडी सपाता मुद्दाम जास्त आपटते. आमच्या फेरारा शहरात हिवाळाभर धुकं. दिसत तर काहीच नाही, माणसाने ऐकायचंही नाही तर करायचं काय?

माझा नवरा ओस्तिलियो याच्या उलट. बोलणं थोडं, बघणं फार. साखर कारखान्यात कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी चित्रकार. चित्रं कसली, तर भांड्यांची. तीसुद्धा अशी की करड्या रंगात करडं भांडं, मागे करडी भिंत. आमच्या शहरात राहून कोणी धुकं पैसे देऊन घेईल का, असं मी त्याला विचारत असे.

आधी तो चित्रासाठी जुन्या बाजारातल्या बाटल्या मांडायचा. एका ऑक्टोबरात मात्र तो माझी कॉफीची किटली घेऊन गेला. मागच्या खोलीत टेबलावर ठेवली, दोन बोटं सरकवली, लांब जाऊन बघितली, येऊन पुन्हा एक बोटभर सरकवली. मग तिच्या बुडाभोवती खडूने रेघ ओढली, कोणी जागेवरून हलवू नये म्हणून. कोणी म्हणजे मी. आणि डोळे बारीक करून तिच्याकडे बघत बसला. माझ्याकडे तसं त्याने एकदाच बघितलं होतं, लग्नाआधी, पोंतेलागोस्कुरो गावच्या नाचाच्या मांडवात.

सांगायला लाज कसली, मी त्या किटलीवर जळले. बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. ॲल्युमिनियमच्या किटलीचं काय उपटणार?

"मलाही मागे मूठ असती तर बघितलं असतंस," मी जेवताना म्हणाले.

तो हसला. "तू हलतेस फार."

चित्र झालं, किटली परत आली, आणि पहिल्याच सकाळी कॉफी उतू गेली. किटली गुरगुरलीच नव्हती. झडप बिघडली असेल म्हणून मी नवी चकती बसवून आणली. कॉफी पूर्वीसारखीच कडक आणि वाफाळती व्हायची, पण वर चढायची ती मुकाट. नंतर पातेलं गेलं, परत आलं. डाव तळाशी घासत होता, हाताला कळत होतं, कानाला नाही. मग सुरी. त्या रविवारी मी अख्खी टोपली चिरली आणि अर्जियाबाईंनी झाडू उचललाच नाही.

मी डॉक्टरकडे गेले. त्यांनी दोन्ही कानांशी घड्याळ धरून बघितलं. "तुमचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत, बाई."

घरी आले, दार लावून घेतलं आणि पातेलं डोक्याएवढं उचलून जमिनीवर टाकलं. फरशीचा टवका उडाला. बाकी रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलीची घंटी तेवढी ऐकू आली.

मिलानहून एक चित्रांचा व्यापारी आला. हॅट हातात धरून बराच वेळ चित्रांपुढे उभा राहिला. "केवढी शांतता आहे हो यांच्यात," तो म्हणाला आणि तिन्ही चित्रं घेऊन गेला. तो बोलला तेव्हा ओस्तिलियो त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. फक्त ते बघणं मला हवं तसलं नव्हतं.

"आता मला बसव," मी म्हणाले.

"तुला नको."

"का? किटलीपेक्षा वाईट दिसते?"

"नीवेस, तुला नको म्हटलं ना." त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. मला वाटलं, माझा चेहरा बघत बसायच्या नुसत्या कल्पनेनेच झाला.

भांड्याला भांडं लागायचंच, पण त्या आठवड्यात आमच्याकडे फडताळच कोसळलं. शेवटी मी पेटी काढली. "मी चालले रोविगोला, बहिणीकडे. तू कर संसार त्या पातेल्याशी!"

तो दारात आडवा उभा राहिला. "बस," म्हणाला. "बस तू."

खुर्चीवर बसवून त्याने माझे खांदे धरले आणि मला जरासं डावीकडे सरकवलं. कित्येक वर्षांत इतक्या हलक्या हाताने त्याने मला धरलं नव्हतं. मग गुडघ्यांवर बसून माझ्या सपातांभोवती खडूने रेघ ओढली. आणि मग त्याने बघितलं. अगदी तसंच. किटली, पातेलं, सुरी सगळं फडताळात, आणि मी खुर्चीवर. मी इतकी सुखी कधीच नव्हते.

"बोलत राहा," तो म्हणाला.

"बाकीचे चित्रकार गप्प बस म्हणतात."

"तू बोल. थांबू नकोस."

मी कशाला थांबते? भोपळ्याचा भाव, अर्जियाबाईंचा तो आळशी भाचा, सगळं काढलं. तो मान डोलवत रंगवत राहिला. चित्र पुरं होत आलं, फक्त तोंडाची जागा कोरी होती.

"एवढं राहू दे," तो म्हणाला.

"वा! म्हणजे ओस्तिलियोच्या बायकोला तोंडच नाही म्हणून अख्खी इमारत हसेल."

"नीवेस, ऐक माझं..."

"किटलीची चोच काढलीस की नाही?"

त्याने ब्रश उचलला.

रंगवून झाल्यावर तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

छान झालंय, मी म्हणाले.

"बोल ना, नीवेस."

सकाळी घंटी वाजली. मी दार उघडलं. अर्जियाबाई. हातात नासपतीच्या केकची ताटली.

"आभार मानायला आले हो. अखेर घेतल्यास एकदाच्या लोकरी सपाता! कालपासून डोक्यावर कोणी राहतं की नाही, कळत नाही बघ."

मी पायांकडे बघितलं. त्याच लाकडी सपाता. कडेला अजून खडू लागलेला होता.

मी पाय आपटला. मग पुन्हा, जोराने. या ना आत, मी म्हणाले.

अर्जियाबाई ताटली पुढे धरून, हसतमुखाने, अजून माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.