तिरेसाचा उजवा हात

चेंडू तिरेसाच्या हातातून सुटला आणि त्याच्यामागोमाग खांदाही निखळला. ती मैदानातच मटकन बसली. तिचे काका हात ओढून खांदा बसवायला धावले, तेवढ्यात बसमधून उतरलेला एक तरुण मधे आला.

"ओढू नका," तो म्हणाला, आणि कापडाची झोळी करून तिचा हात अलगद बांधला.

तो सेमिसी, सावाई बेटावरच्या इस्पितळात व्यायाम द्यायला नुकताच रुजू झालेला. डॉक्टरांनी खांदा बसवला, पण हात पुन्हा वर नेण्याचं काम त्याच्याकडे आलं. घाईही होती. नव्या चर्चच्या उद्घाटनात शेवटचा नाच सरदाराच्या मुलीचा, म्हणजे तिरेसाचा. हात उठला नाही तर तो मान चुलतबहिणीला, आणि ती आतापासूनच आरशापुढे मुरडत होती.

"दंडाच्या हाडाचा गोळा बशीसारख्या उथळ खोबणीत बसतो," सेमिसी म्हणाला. "म्हणून हात चहूकडे फिरतो... आणि म्हणूनच निसटतो."

"माझ्यासारखाच की," ती म्हणाली. तो कानापर्यंत लाजला.

हात एकटा वर जात नाही, पाठीतला फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाडही सोबत फिरावं लागतं, हे तो रोज बजावायचा. ती मात्र रोज फरा न फिरवता खांदाच कानाला भिडवायची. मग तो फऱ्यावर दोन बोटं टेकवायचा, आणि नेमकी तेव्हाच ती श्वास घ्यायला विसरायची. व्यायाम संपला तरी ती उगाच विचारायची, कोपराचं काय, मनगटाचं काय... तोही उगाच सांगत बसायचा.

उद्घाटनाच्या दिवशी ती तेलानं चमकणारे दंड घेऊन उभी राहिली. डावा हात सहज उठला. उजवा खांद्याइतका आला आणि — अडकला. भीतीनं पाठ ताठरली. चुलतबहीण पुढे सरसावली.

नाचणारीची शोभा खुलावी म्हणून तिच्यामागे वेडेचाळे करायचे, ही तिथली रीत. पण ते करायचे तिच्यावर जीव असलेल्यांनी. कायम गंभीर असणारा सेमिसी साऱ्या गावासमोर धुळीत लोळला, माकडासारखा उड्या मारू लागला. तिरेसाला हसू फुटलं. हसता हसता पाठ सैलावली, फरा फिरला, आणि हात डोक्यावर गेला. टाळ्यांनी मंडप दणाणला.

नंतर नजर चुकवून निघालेल्या सेमिसीला तिनं गाठलं.

"असं लोळण्याचा अर्थ कळतो ना तुला?"

"कळतो. म्हणूनच लोळलो," तो म्हणाला. "मला तू फार आवडतेस, तिरेसा. तुझ्या बाबांना भेटायला कधी येऊ?"

"आधी अंघोळ कर," ती म्हणाली. "मग जेवायलाच ये. आजच."