कव्हरवरची दुसरी सावली

भूत असतं की नसतं, हा वाद माझ्याशी घालू नका. मी त्यात पडतच नाही. माझ्याबरोबर जे झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे. गावाचं नावसुद्धा बदललेलं नाही.

१२ जानेवारी २०२५. रविवार. रामाकोन्याजवळचा आमचा संत्र्याचा बगीचा.

आणि हो, रात्र नव्हती. दुपारचे सव्वाचार वाजले होते. लख्ख ऊन होतं.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मी तृप्ती. राहणार सौंसर. नागपूरच्या एका कॉलेजात मीडियाचा कोर्स करते, रोज बसने जाऊन-येऊन. घरी मी आणि बाबा, दोघंच. आई मी आठवीत असताना गेली. बाबा शाळेत शिक्षक आहेत. दिवसभर पोरांसमोर बोलून येतात आणि घरी आले की एक शब्द काढत नाहीत. आमच्याकडे बोलतो तो फक्त कुकर.

डिसेंबरमध्ये आम्हाला प्रोजेक्ट मिळाला. एखादा जुना अल्बम घ्यायचा. आधी त्याच्या कव्हरचं विश्लेषण लिहायचं. म्हणजे कोण कुठे उभं आहे, रंग कोणते, कुठली जागा रिकामी सोडली आहे, का सोडली आहे. मग त्यातल्याच एका गाण्याचा व्हिडिओ करायचा. स्टोरीबोर्ड, शॉट लिस्ट, शूटिंग, सगळं. यात नापास तर वर्ष गेलं.

चौघाचौघांचे ग्रुप पडले. पाचची बस गाठायची म्हणून मी कधी कुणाबरोबर चहाला थांबले नव्हते. माझं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही.

सर म्हणाले, "एकटी कर. चालेल."

मी पण "चालेल" म्हणाले. आणि घरी येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मला मार्क हवेच होते, पण त्याहून जास्त कुणीतरी सोबत हवं होतं.

कॅसेट मला बाबांच्या कपाटात सापडली, पुस्तकांच्या मागे.

'बागेतली सखी'. गायिका कलाबाई. साल १९९७.

मी विचारलं, "बाबा, ही कुणाची?"

बाबांनी पाहिलं. मग चप्पल पायात सरकवली.

"ठेव ते जागेवर," एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

मी ठेवली नाही.

रात्रीचं जेवण झाकून ठेवलं आणि कव्हर घेऊन बसले. मधोमध नाही, जरा डावीकडे एक बाई उभी. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मागे संत्र्याची झाडं आणि सिमेंटचा हौद. हौदाचा कोपरा तुटलेला.

तो हौद आमच्याच बगिच्यातला होता!

बाईच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे रंगाने एक झाड काढलेलं, पण ते बाकीच्या झाडांसारखं नव्हतं. पानं जास्त हिरवी, बुंधा जमिनीला टेकलेलाच नाही. कुणीतरी ब्रशने काहीतरी झाकलं होतं.

बाईचा त्या बाजूचा हात कोपरात वाकलेला होता. बोटं मिटलेली. जणू कुणाचा तरी हात धरलाय...

मग माझी नजर खाली गेली.

जमिनीवर सावल्या दोन होत्या.

मी विश्लेषणात लिहिलं, 'मूळ फोटोत दोन व्यक्ती असाव्यात. एक पुसली आहे. कारागिराच्या निष्काळजीपणामुळे तिची सावली पुसायची राहून गेली.' वाक्य मला फार आवडलं. सर खूश होतील असं वाटलं.

मग बाबांच्या जुन्या टू-इन-वनमध्ये कॅसेट लावली.

"संत्र्याच्या बागेत कोण गं उभी?"

कलाबाईचा आवाज खणखणीत होता. पुढे उत्तराची ओळ येणार म्हणून मी थांबले.

काहीच आलं नाही. ढोलकी चालू, झांज चालू. पण ओळीएवढी जागा कोरी. मग कलाबाईने पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुन्हा कोरी जागा. सबंध गाणंभर तेच.

मी हेडफोन लावून ऐकलं. दर कोऱ्या जागेच्या सुरुवातीला एक आवाज होता. बारीक...

कुणीतरी गाण्याआधी श्वास घेत होतं.

नुसता श्वास. पुढे शब्द नाहीत.

कव्हरच्या आत कलाबाईंचा पत्ता छापला होता, रामाकोन्याचाच. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. कलाबाई आता साठीच्या घरात आहेत. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. कव्हर दाखवलं तर त्यांचे हात थांबले.

"तू गजाननची पोट्टी ना?"

"हो."

"मंग तुले घरी नाही सांगितलं? थे तुही आत्या होती. अनुराधा. तुह्या बापाची मोठी बहीण."

मला आत्या होती, हेच मला एकवीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

कलाबाईंनी सगळं सांगितलं. दोघी मैत्रिणी. कलाबाई ओळ म्हणायच्या आणि अनुराधा झील धरायची, म्हणजे पुढची ओळ उचलायची. नागपूरला जाऊन कॅसेट रेकॉर्ड केली, बगिच्यात फोटो काढला. मोहगावच्या जत्रेत विकायची होती. आणि जत्रेच्या पंधरा दिवस आधी अनुराधा तापाने गेली. वीस वर्षांची होती.

"तुह्या आबाजीनं हाय खाल्ली. म्हणे, मेलेल्या पोरीचा आवाज मी भोंग्यावर वाजू देणार नाही. फोटो बी नाही. तिचा आवाज वेगळा भरला होता, थो काढून टाकला. मी गाताना थे बाजूलेच उभी होती, सवयीनं घेतलेला तिचा श्वास माह्या माइकात आला होता, तेवढा राहिला."

"मग तुम्ही पुन्हा नाही गायलात?"

"कोनासाठी गाऊ वो माय? ओळ टाकली का कोनं तरी उचला लागते. रिकामी सोडू नाही."

त्यांनी शेंगा पुन्हा हातात घेतल्या. मला निघताना थांबवलं मात्र.

"बगिच्यात हे गाणं म्हणशील तर सांभाळून म्हन," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं नाही. त्या हौदापाशीच शूटिंग करायचं ठरवलं. माझ्या स्टोरीबोर्डमध्ये आठ शॉट होते. शेवटच्या शॉटमध्ये कव्हरसारखीच मी डावीकडे उभी राहणार, शेजारची जागा रिकामी. गाणं कॅसेटवरचं न वापरता स्वतः म्हणायचं होतं.

तो रविवार उजाडला. बगीचा तेव्हा ताणावर होता. आमच्याकडे बहार धरायला महिनाभर झाडांचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळतात. जमिनीवर वाळल्या पानांचा थर असतो. मांजर चाललं तरी कुरकुर ऐकू येते.

हे नीट लक्षात ठेवा.

फोन ट्रायपॉडवर लावला. सात शॉट झाले. आठव्याला मी जाग्यावर उभी राहिले. सूर्य पाठीशी होता आणि माझी सावली समोर लांब पडली होती. एकच सावली. मी बघून घेतलं.

"संत्र्याच्या बागेत कोण गं उभी?"

म्हणून थांबले. मनात मोजत होते, कोऱ्या जागेएवढं.

चिमण्या गप्प झाल्या...

रस्त्यावरून चाललेल्या ट्रॅक्टरचा आवाज मध्येच तुटला...

आणि माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

"मीच गं बाई, तुझी गं सखी."

बाईचा आवाज. तरुण. जरासा बसलेला, ताप येऊन गेल्यावर असतो तसा.

मी मान वळवली नाही. हिंमतच झाली नाही. एकही पान वाजलं नव्हतं. कुणी चालत आलं असतं तर मला दहा पावलं आधी कळलं असतं.

पळून जायला हवं होतं, नाही का? मी गेले नाही. खरं सांगते, भीती वाटली त्याच्या आधी मला बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या बोलण्याला उत्तर दिलं होतं.

मी पुढची ओळ म्हटली. तिने उचलली. सबंध गाणं आम्ही दोघींनी म्हटलं.

गाणं संपलं आणि ट्रॅक्टर पुन्हा ऐकू येऊ लागला. शेजारी कुणी नव्हतं. मग मात्र फोन उचलला आणि रस्त्यापर्यंत धावत सुटले.

घरी व्हिडिओ पाहिला. फ्रेममध्ये मी एकटी. सावलीही एकच. पण आवाज दोन होते, स्वच्छ.

आणि माझा डावा हात कोपरात वाकलेला होता. बोटं मिटलेली. मी हात वाकवल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी सरांना व्हिडिओ दाखवला. त्यांना फार आवडला. "ही दुसरी मुलगी कोण?" त्यांनी विचारलं.

मी व्हिडिओ बंद केला.

"हे बघ तृप्ती, ज्याचा आवाज आहे त्याचं सहीचं संमतीपत्र लागतं. नियम आहे. नाव दे, सही आण. नाहीतर तो आवाज काढून टाक. उद्या शेवटची तारीख आहे."

नाव मला माहीत होतं. 'अनुराधा' एवढं लिहायला काय लागलं असतं? पण पुढचे प्रश्न नको होते. वर्ष जाईल, सगळे हसतील, आधीच कुणी बोलत नाही त्यात वेडी म्हणतील.

मी लॅपटॉप उघडला. तिची प्रत्येक ओळ शोधली. एकेक करून कापली.

शेवटची कापताना स्पीकरमधून बारीक आवाज आला. श्वासाचा... मी तोही कापला.

मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

त्या दिवशी मी रिपोर्ट टेबलावर टाकला आणि बाबांच्या हातात फोन दिला. बघा म्हटलं. गाणं ऐकून रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. चष्मा लावून शांत बघत राहिले. माझी पहिली ओळ झाली. कोरी जागा आली. बाबांचे ओठ हलले.

मग त्यांनी व्हिडिओ थांबवला.

"तू बी काढलं तिले?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कलाबाईंनाही नाही.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"तिच्यासमोर कोनी हे ओळ म्हनावं अन् ताई गप राहावं, असं कधी झालंच नाही."

त्यांनी रिपोर्ट ओढून घेतला. पानं उलटली. माझ्या त्या आवडत्या वाक्यावर बोट ठेवलं, शाळेतल्या पोरांच्या वहीवर ठेवतात तसं.

"हे चुकलं तुह्यं. सावली राहून नव्हती गेली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फोटो घेऊन पेंटरकडे मीच गेलो होतो. सतरा वर्षांचा होतो. आबाजीनं सांगितलं, पोरगी काढून आन. त्यानं तिचा चेहरा झाकला, लुगडं झाकलं. ब्रश सावलीवर नेला अन् मी त्याचा हात धरला. म्हटलं, एवढी राहू द्या. काहीतरी राहू द्या तिचं."

बाबांना रडताना मी आईच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मला माझी इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. त्यांनी सावली तरी ठेवली होती. मी श्वाससुद्धा ठेवला नाही. आणि ती तर आपणहून माझ्याजवळ आली होती.

तशीच उठले आणि फोनमधलं मूळ शूटिंग उघडलं. ते मी कापलेलं नव्हतं, तिचा आवाज त्यात असायलाच हवा होता.

नव्हता.

माझी ओळ, मग कोरी जागा. त्या जागेत वाऱ्याचाही आवाज नाही. नंतर कॅसेट लावली. त्यातलाही श्वास गेला होता.

आता मी दर रविवारी बगिच्यात जाते. बाबाही येतात, पण बांधापर्यंतच. मी हौदापाशी उभी राहते, ओळ म्हणते आणि थांबते. झाडांना पाणी सोडलं, फुलं आली, फळं धरली. उत्तर आलं नाही. प्रोजेक्टच्या रिपोर्टवर मी मागाहून, सरांना न विचारता नाव घातलंय, 'झील : अनुराधा'. त्याचा आता काही उपयोग आहे का, मला माहीत नाही.

गेल्या रविवारी फोन हातात धरून रेकॉर्ड केलं. तिथे काहीच ऐकू आलं नाही. घरी येऊन हेडफोन लावले. माझी ओळ झाली आणि कोऱ्या जागेच्या सुरुवातीला...

श्वास.

नुसता श्वास. पुढे शब्द नाहीत.

मी बाबांना ऐकवला. त्यांनी तीन वेळा ऐकला. मग हळूच म्हणाले, "तिले अजून भरोसा नाही तुह्यावर."

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज जरा लांबून येतो, कारण फोन मी हात लांब करून धरला होता.

तो श्वास मात्र अगदी फोनजवळचा आहे.